यंत्राचा शब्द, पेढीची जबाबदारी

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातील दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरच्या व्यवसायात न रमता त्यांनी रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेतले. १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनीच्या आणि १९४० मध्ये बेंगळुरू येथील विमान कारखान्याच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. नव्या साहसामागे भांडवल उभे करणे सोलापूरच्या जैन समाजाला परके नाही. आज समाजातील तरुण कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला उद्योग काढू पाहतात आणि पहिले भांडवल बहुधा घरातूनच मागतात. वडीलधारे नफा विचारतात, परतावा विचारतात. यंत्र काय करणार हे मात्र ‘त्यातले आम्हाला काय कळते’ म्हणून विचारायचे राहून जाते.

हे मौन महाग पडू शकते. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राने आजीच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्या एका ग्राहकाला सांगितले, की शोकप्रसंगीची सवलत प्रवासानंतरही मागता येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता. तिने पैसे नाकारले आणि लवादापुढे चक्क असा पवित्रा घेतला, की संवादयंत्राच्या बोलण्याला ते यंत्रच जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने हा बचाव फेटाळून ग्राहकाला भरपाई देवविली. व्यापाऱ्याला या निकालाचे नवल वाटणार नाही. गादीवर बसलेल्या मुनिमाने दिलेला शब्द पेढीचाच असतो. मुनीम यंत्ररूप झाला म्हणून हा न्याय बदलत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्यव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लेख तयार करणे, आणि न्यासापहार, म्हणजे ठेव गिळंकृत करणे, यांचा समावेश आहे. अचौर्यव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे आणि खोटी मापे वापरणे येते. ही सूची आजच्या उद्योगालाही लागू पडते. ग्राहकाने एका कामासाठी दिलेली माहिती ही ठेव आहे. ती त्याला न विचारता यंत्राच्या शिक्षणासाठी वापरणे हा न्यासापहारच. कोणाचा चेहरा वा आवाज घेऊन बनावट चित्रफीत रचणे ही कूटलेखक्रिया.

खोट्या मापाचा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते. नोंदींत पक्षपात असेल, तर तोही शिकते. ॲमेझॉन कंपनीने नोकरभरतीसाठी तयार केलेले यंत्र दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवर शिकले होते. त्यांत पुरुषांचे अर्ज अधिक असल्याने ते स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखू लागले आणि कंपनीला तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. ही गोष्ट २०१८ मध्ये उघड झाली. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे आहेत. कर्जाची पात्रता ठरविणारे यंत्र केवळ एका भाषेच्या वा एका पेठेच्या नोंदींवर शिकले, तर विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या कुटुंबाला ते कोणत्या तराजूत तोलेल?

कायदाही आता जागा झाला आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. या कायद्यात दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये वित्तक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सात सूत्रे मांडली. त्यांतील पहिले सूत्र विश्वासाचे आहे. पत हेच भांडवल मानणाऱ्या समाजाला ते नवे नाही.

येथे भांडवल देणाऱ्याचा प्रश्न येतो. ‘मी फक्त पैसे लावले’ हे उत्तर जैन विचारात पुरत नाही. कारण कर्म कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही प्रकारे घडते. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. यंत्राला शिकविण्यासाठी माहिती कोठून आणि कोणाच्या संमतीने घेतली? ज्यांच्यावर ते निर्णय लादणार, त्यांच्यापैकी कोणावर त्याची परीक्षा झाली? चूक झाल्यास ग्राहकाला दाद मागायला माणूस भेटेल का? आणि दोष आढळल्यास यंत्र थांबविण्याचा अधिकार कोणाकडे आहे? उत्तरे लेखी घ्यावीत आणि दरवर्षी हिशेब तपासताना तीही तपासावीत.

तरुणांनी या प्रश्नांना अविश्वास समजू नये. पहिल्याच दिवशी ही नोंदवही ठेवणाऱ्या उद्योगाला पुढे मोठा ग्राहक आणि मोठे भांडवल मिळणे सोपे जाते. वडीलधाऱ्यांना संगणकाची भाषा येत नसेल. पण माप खरे आहे की खोटे, ठेव सुरक्षित आहे की नाही, हे विचारण्याचा त्यांचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. भांडवलाबरोबर तो अनुभवही नव्या पेढीला द्यावा.