नावेच्या जुन्या एंजिनाचा जीर्णोद्धार

बंगळूर हे समुद्रापासून दूर, पठारावर वसलेले शहर होय. तरीही पाण्याशी त्याचे नाते जुने आहे. हलसूरच्या विस्तीर्ण तळ्यालगत भारतीय सैन्याच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आहे. आणि नदी ओलांडणे ही तर लष्करी अभियंत्याची मूलभूत विद्या. अशा कामी नावेच्या मागील फळीस बाहेरून अडकविण्याचे, हाताने उचलून नेता येणारे एंजिन फार उपयोगी पडते. नॉर्वेत जन्मलेले ओल एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे अशी एंजिने विक्रीस आणली. त्यांची शक्ती अवघी दीड अश्वशक्तीच्या आसपास होती. त्यांच्या पत्नी बेस यांनी व्यवहार व जाहिराती सांभाळल्या, आणि हे यंत्र जगभर पोहोचले. २०२० मध्ये त्या नावाच्या एंजिनांचे उत्पादन थांबले. जुनी एंजिने मात्र ठिकठिकाणी पडून आहेत.

समजा, किनाऱ्यावरचे असेच एक दोन सिलिंडरांचे एंजिन बंगळुरात आले आणि ज्याने पूर्वी कधी एंजिन उघडले नाही अशा तरुणाच्या हाती पडले. त्याने आरंभ कोठून करावा? पाना उचलण्यापूर्वी त्याने यंत्राचे तत्त्व समजून घ्यावे. हे एंजिन द्विधावी असते. दट्ट्या वर जाताना माथ्यावरील मिश्रण दाबतो. त्याच वेळी खालच्या भुजादंडाच्या पेटीत नवे मिश्रण ओढले जाते. ठिणगी पडताच दट्ट्या खाली ढकलला जातो, जळलेला वायू बाहेर पडतो आणि पेटीतील ताजे मिश्रण वर चढते. इंधन या पेटीतूनच जात असल्यामुळे वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ते विसरल्यास दट्ट्या थोड्याच वेळात जाम होतो.

एंजिन चालण्यास तीन गोष्टी हव्यात: दाब, ठिणगी आणि इंधन. परीक्षाही याच क्रमाने करावी. प्लग काढून त्या जागी दाबमापक बसवावा व दोरी जोराने ओढावी. येथे नवशिक्याची फसगत होण्याचा संभव असतो. आकडा पुस्तकातल्यापेक्षा कमी आला, की दट्ट्याची कडी झिजली असे समजून तो सारे एंजिन उकलावयास बसतो. परंतु बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब किनाऱ्यावरील दाबाच्या सुमारे नऊ दशांशच असतो. म्हणून निरोगी एंजिनाचा आकडाही सुमारे दहा टक्क्यांनी कमी येतो. खरी कसोटी दोन्ही सिलिंडरांच्या तुलनेची. दोहोंचे आकडे जवळजवळ सारखे असतील, तर एंजिनाचे अंतरंग बहुधा शाबूत आहे. एक फारच मागे पडला, तरच शीर्ष उघडावे. विरळ हवेत तेच इंधन अधिक ठरते. म्हणून कार्ब्युरेटरची जुळणीही येथे नव्याने करावी लागते.

पुष्कळदा दोष क्षुल्लक निघतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवितो. प्रचक्राखालील संपर्कबिंदूंवर गंज चढून ठिणगी पडत नाही. तेथवर पोहोचण्यासाठी प्रचक्र काढताना हातोडा मारू नये, भुजादंड वाकतो. त्यासाठी पुलर नावाचे ओढणीचे हत्यार वापरावे. खाऱ्या पाण्यामुळे ॲल्युमिनियमच्या अंगात पोलादी मळसूत्रे घट्ट बसलेली असतात. ती बळाने फिरविल्यास तुटतात. झिरपणारे तेल, थोडी ऊब आणि एक रात्रीची सबुरी यांनी बहुधा सुटतात. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि सुटे भाग क्रमाने मांडून ठेवावेत.

खालच्या पंपातील रबरी चक्र मात्र न चुकता बदलावे. तेच तळ्याचे पाणी ओढून सिलिंडर थंड ठेवते. दंतचक्रांच्या पेटीतील तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. जुन्या रबरी नळ्याही बदलाव्यात. कारण भारतात आता विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरास फुगविते व हवेतील ओलावा शोषून घेते.

अखेरीस पंखा काढून, एंजिनाचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून ते सुरू करावे. कोरडे चालविल्यास नवे रबरी चक्र काही क्षणांत जळून जाते. जागा उघडी असावी. निकास-वायू विषारी असतो. पहिली फेरी काठालगत, वल्ही व जीवरक्षक जाकिटे बरोबर घेऊनच करावी. रस्त्यावर बंद पडलेली गाडी जागेवर उभी राहते. पाण्यावर बंद पडलेली नाव वाऱ्याच्या स्वाधीन होते. बसविताना ढिला राहिलेला एक स्क्रू तेथे माणसाच्या जिवाशी गाठ घालतो.

आणि काढलेले जुने तेल गटारात ओतू नये. बंगळूरचे ‘राजकालुवे’, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारे मोठे नाले, एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. ज्या पाण्यावर नाव चालवावयाची, तेच त्या तेलाने नासेल.