डीकार्बनायझिंगपूर्वी इंजिनाचा प्रकार विचारा

सकाळी टोकरखाड्यातून मुलांना शाळेत सोडायचे, तेथून आमली किंवा पिपरियाच्या कारखान्यात जायचे आणि सायंकाळी घरी परतायचे. सिल्वासातील अनेक मोटारींचा दिनक्रम एवढाच असतो. इतक्या थोड्या अंतरात इंजिन पुरते तापतही नाही. थंड इंजिनात इंधन पूर्णपणे जळत नाही. त्याचा उरलेला अंश आणि इंजिन ऑइलची वाफ यांचा काळा थर पिस्टन, व्हॉल्व्ह व इंजेक्टरच्या टोकांवर बसतो. मग एखाद्या सर्व्हिसिंगच्या बिलात ‘डीकार्बनायझिंग’ अशी ओळ दिसते आणि ग्राहक मुकाट्याने पैसे भरतो.

ज्यांनी टू-स्ट्रोक बजाज चेतक चालवली, त्यांना हा शब्द नवा नाही. तिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. त्यामुळे हेड उतरवून कार्बन खरवडणे हे नित्याचे काम होते. आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल इंधनात मिसळत नाही. ती जुनी सवय मोटारीला तशीच लावण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न इंजिनाच्या प्रकाराचा आहे. पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवर फवारले जाते, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतला जातो. तेथे टाकीत टाकायचे चांगले क्लीनर उपयोगी पडू शकते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये मात्र पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये शिरते. टाकीतील क्लीनर इंजेक्टर साफ करील, परंतु व्हॉल्व्हच्या मागील थरापर्यंत ते पोहोचणारच नाही. तो कडक थर काढण्यासाठी मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. हे कवच कार्बन निघेल इतके कठीण, पण धातूवर ओरखडा न उमटवण्याइतके मऊ असते. काम वेळखाऊ आणि खर्चिक आहे.

डिझेलची गोष्ट आणखी निराळी. ईजीआर व्हॉल्व्हमधून धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात येतो आणि काजळी घेऊन येतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतरच्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. त्यातील काजळी जाळण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. गावातल्या गावात फिरून ते गाठले जात नाही. डीपीएफचा दिवा लागताच खानवेलच्या रस्त्याला वीसेक मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवली, तर बहुधा काम भागते. दिवा लागलेला असताना आठवडाभर तसेच फिरणे महागात पडते.

पिकअप कमी होणे, थंड इंजिन थरथरणे, चढणीवर खडखड येणे ही कार्बनची लक्षणे असू शकतात. पण खराब प्लग, तुंबलेला एअर फिल्टर किंवा मळलेली थ्रॉटल बॉडी यांमुळेही गाडी अशीच वागते. म्हणून ही स्वस्त कामे आधी करून घ्यावीत. त्यानंतरही डीकार्बनायझिंग सुचवले गेले, तर प्लगच्या छिद्रातून बोअरस्कोप घालून पिस्टन दाखवण्यास सांगावे; व्हॉल्व्हचा थर पाहण्यासाठी तो इनटेककडून घालावा लागतो. रसायन फवारून सफाई केल्यास सुटलेला तुकडा टर्बो किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाण्याचा धोका असतो. त्याची जबाबदारी कोणाची, हे काम सुरू होण्यापूर्वीच विचारून ठेवावे.