अडीअडचणीचा पैसा

अडचण कधी सांगून येत नाही. एखाद्या रात्री आजोबांची छाती दुखू लागते आणि त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात न्यावे लागते. एखाद्या पावसाळ्यात छताचा पत्रा उडून जातो. कधी वडिलांचा कारखानाच बंद पडतो. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली, तेव्हा मालेगाव आणि भिवंडीचे यंत्रमाग थांबले. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी त्या वेळच्या गोष्टी अजून निघत असतील. काम आठवड्याचे, मजुरी आठवड्याची. माग थांबला की मजुरी थांबते, पण चूल थांबत नाही.

अशा वेळी ज्याच्या गाठीला चार पैसे असतात, तो निभावून नेतो. ज्याच्याकडे नसतात, तो उसने मागतो किंवा सावकाराकडे जातो. समजा, एका माणसाने दवाखान्यासाठी २०,००० रुपये कर्ज घेतले आणि व्याज ठरले दरमहा शेकडा ५ रुपये. ऐकायला ५ रुपये म्हणजे काहीच नाही. पण हिशेब करा. महिन्याचे व्याज झाले १,००० रुपये. सहा महिन्यांत ६,००० रुपये व्याजात गेले आणि २०,००० चे मुद्दल आहे तसेच राहिले. हेच २०,००० रुपये घरात साठवलेले असते, तर ६,००० रुपये वाचले असते. अडीअडचणीच्या पैशाची खरी कमाई ही आहे. पुढे आपण बँकेच्या व्याजाचे दर पाहणार आहोत. तेव्हा हा ६,००० चा आकडा लक्षात ठेवा.

असा पैसा किती असावा? घराचा ३ ते ६ महिन्यांचा खर्च निघेल इतका, असे जाणकार सांगतात. ज्या घराचा महिन्याचा खर्च १५,००० रुपये आहे, त्याला ४५,००० ते ९०,००० रुपये लागतील. आकडा ऐकून कोणीही घाबरेल. पण आठवड्याला २०० रुपये बाजूला टाकले, तर वर्षाच्या ५२ आठवड्यांत १०,४०० रुपये होतात. सुरुवात एवढ्यानेही होते.

आता प्रश्न असा, की हा पैसा ठेवावा कोठे?

आपल्याकडच्या आया तो पिठाच्या डब्यात, साड्यांच्या घडीत, उशीच्या अभ्र्यात ठेवत आल्या. त्यांना नावे ठेवू नयेत. कितीतरी घरे त्या डब्यांनी तारली आहेत. पण घरातला पैसा सहज हाताला लागतो आणि सहज खर्च होतो. शिवाय चोरी आणि आग यांची भीती असतेच. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० रुपयांच्या जुन्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा अनेक डब्यांतले लपवलेले पैसे बाहेर काढून बँकेच्या रांगेत उभे राहावे लागले. म्हणून रात्रीच्या रिक्षेपुरते आणि औषधापुरते पैसे घरात असावेत, बाकीचे बाहेर.

भिशी ही चांगली सवय आहे, पण भिशीचा नंबर आपल्या अडचणीची वाट पाहून लागत नाही. दागिना मोडायला गेले, तर घडणावळीचे पैसे परत मिळत नाहीत. उरते ते बँकेतले किंवा पोस्टातले बचत खाते.

खाते निवडताना बहुतेक लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘व्याज किती?’ जाहिरातींतही तोच आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो. पूर्वी हा प्रश्नच नव्हता. बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँक ठरवून देई आणि सगळ्या बँकांत तो सारखाच असे. २५ ऑक्टोबर २०११ पासून बँकांना आपापला दर ठरवण्याची मोकळीक मिळाली. तेव्हापासून दरांत फरक पडला. जून २०२५ मध्ये स्टेट बँकेने बचत खात्याचा दर २.५ टक्के केला. पोस्टाच्या बचत खात्यावर ४ टक्के मिळतात. काही स्मॉल फायनान्स बँका मोठ्या रकमेवर ७ टक्क्यांच्या आसपास व्याज देतात.

समजा, आपल्याकडे ४०,००० रुपये आहेत. वर्षाला २.५ टक्क्यांनी १,००० रुपये मिळतील, ४ टक्क्यांनी १,६०० आणि ७ टक्क्यांनी २,८००. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत वर्षाचा फरक १,८०० रुपयांचा. ही रक्कम लहान नाही. घरात महिनाभराचा किराणा तरी येईल. पण मघाचे ६,००० आठवा. पैसा वेळेवर हातात आला नाही आणि कर्ज काढावे लागले, तर असले दोन-तीन वर्षांचे जादा व्याज सहा महिन्यांतच निघून जाते.

आणि ७ टक्के खरोखर मिळतात का, तेही पाहावे लागते. पुष्कळ ठिकाणी मोठा दर हा ठरावीक रकमेच्या वरच्या भागालाच लागू असतो. एक लाखापर्यंत एक दर, त्यावर दुसरा, पाच लाखांच्या पुढे तिसरा. जाहिरातीत तिसरा दर छापलेला असतो आणि ४०,००० वाल्याला मिळतो पहिला. म्हणून शाखेत जाऊन सरळ विचारावे, ‘माझ्याकडे एवढे पैसे आहेत. एवढ्यावर दर काय?’

दुसरी गोष्ट किमान शिल्लक. काही बँका म्हणतात, खात्यात अमुक इतके पैसे नेहमी राहिलेच पाहिजेत, नाहीतर दंड. आता अडचणीचा पैसा अडचणीत काढायचाच असतो. तो काढला म्हणून दंड बसणार असेल, तर ते खाते आपल्या कामाचे नाही. स्टेट बँकेने २०२० मध्ये बचत खात्यांवरील किमान शिल्लकेची अट काढून टाकली. पोस्टात ५०० रुपये ठेवावे लागतात. याशिवाय बँकांमध्ये मूलभूत बचत खाते असते. लोक त्याला ‘झिरो बॅलन्स’ म्हणतात. त्यात शिल्लक ठेवण्याची सक्ती नसते आणि महिन्यातून किमान ४ वेळा पैसे विनामूल्य काढता येतात. आपल्या कामाला तेवढे पुरे.

पोस्टाची एक गंमत सांगतो. बँकेत व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजतात. पोस्टात मात्र महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी रक्कम असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज धरतात. ९ तारखेला पैसे भरले तर महिना धरला जातो, ११ तारखेला भरले तर तो महिना गेला! पोस्टात खाते असेल, तर आईला ही तारीख जरूर सांगा.

काही घरांत व्याज घेत नाहीत, किंवा आलेले व्याज स्वतःसाठी न वापरता गरजूंना देऊन टाकतात. अशा घरांपुरता दराचा प्रश्न मिटला. पण पुढचे सगळे प्रश्न त्यांनाही तसेच लागू आहेत, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचे आहेत.

त्यांतला पहिला प्रश्न म्हणजे पैसा सुरक्षित आहे का. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि ठेवीदार हवालदिल झाले. त्यानंतर १९६२ मध्ये देशात ठेवींचा विमा सुरू झाला. आज हे काम ठेव विमा आणि पत हमी महामंडळ करते. विम्याचा हप्ता बँक भरते, आपण नाही. बँक बुडाली तर एका माणसाला, त्या बँकेतल्या त्याच्या सगळ्या शाखा आणि खाती मिळून, मुद्दल व व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंत मिळतात. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाखाची होती. मोठ्या सरकारी बँकेला, खाजगी बँकेला, स्मॉल फायनान्स बँकेला आणि नागरी सहकारी बँकेलाही हा विमा असतो. पोस्टाला तो नाही, कारण तेथे सरकार स्वतःच हमी देते.

पण गल्लीतल्या पतसंस्थेला हा विमा नाही. पतसंस्था आणि सहकारी बँक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटी नीट वाचावी. पतसंस्थेचा माणूस घरी येऊन रोजचे २० रुपये गोळा करतो, हसून बोलतो, व्याजही जास्त सांगतो. तरीही अडचणीसाठी राखलेला पैसा तेथे ठेवू नये, असे मला वाटते.

विमा असला म्हणजे सगळे झाले, असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढण्याची परवानगी होती. पुढे मर्यादा वाढत गेली, पण ज्याच्या घरी त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया होती, त्याने काय करावे? फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवरही असेच निर्बंध आले आणि पहिल्या काही दिवसांत पैसे काढताच येत नव्हते. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता असे निर्बंध आले, तर विम्याचे पैसे ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. पैसा बुडत नाही, हे खरे. पण आजारी माणूस ९० दिवस थांबत नाही. म्हणून सगळा पैसा एकाच ठिकाणी ठेवू नये. थोडा बँकेत, थोडा पोस्टात ठेवला, तर एक दार बंद झाले तरी दुसरे उघडे राहते.

शाखा किंवा एटीएम घराजवळ असावे, हे वेगळे सांगायला नको.

यापेक्षा कमी लोकांच्या ध्यानात येणारी गोष्ट म्हणजे खाते कोणाच्या नावावर आहे. समजा, खाते एकट्या वडिलांच्या नावावर आहे आणि वडीलच दवाखान्यात बेशुद्ध आहेत. पैसा आहे, पासबुक कपाटात आहे, आणि आई बँकेतून एक रुपयाही काढू शकत नाही. म्हणून असे खाते दोघांच्या नावावर असावे. अर्जात ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असलेला’ असा पर्याय असतो, तो निवडावा. मग दोघांपैकी कोणाच्याही एकट्याच्या सहीने पैसे निघतात.

वारसाची नोंद, म्हणजे नामनिर्देशन, हीदेखील करून घ्यावी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर ४ जणांपर्यंत नावे देता येतात. या अर्जांची मराठी अवघड वाटते, असे काही मुले म्हणतात. पण रक्कम, मुदत, जामीन, वारस हे शब्द तुम्हाला उर्दूतूनच ओळखीचे आहेत. त्यांना इथे भेटून परकेपणा कसला? घरी अर्ज आला, तर तो तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा.

शेवटी एक बारीकसा नियम. ज्या खात्यात दोन वर्षे कोणी पैसे भरले नाहीत की काढले नाहीत, ते खाते बँक निष्क्रिय ठरवते. ते पुन्हा सुरू करायला ओळखीची कागदपत्रे घेऊन शाखेत जावे लागते. अडचणीच्या पैशाचे खाते तर मुद्दामच पडून ठेवलेले असते. म्हणून वर्षातून एकदा, ईदनंतर किंवा शाळा सुरू होताना, त्यात १०० रुपये का होईना भरावेत आणि पासबुकात नोंद करून आणावी.