सिल्वासा परिसर : लोकसंख्या आणि सीमा

दादरा व नगर हवेलीतील खेरडी या गावचा रहिवासी परमुलखात गेला आणि त्यास गाव विचारले, तर तो बहुधा ‘सिल्वासाकडचा’ असेच उत्तर देतो. बाजार, दवाखाना, कचेरी, महाविद्यालय व रोजगार या सर्वच बाबतींत या प्रदेशातील गावांचे व्यवहार सिल्वासा शहराशी निगडित झालेले आहेत. तथापि २०११ च्या जनगणनेत ज्या सहा ठिकाणांची नोंद नागरी म्हणून झाली, त्यांत खेरडी नाही. खेरडी हे ग्रामीण भागातच मोडते. शहर नेमके कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते, हे कोणत्या नियमांनी ठरते, याची माहिती ग्रामस्थांस, ग्रामपंचायतीच्या सदस्यांस आणि जनगणनेचे काम करणाऱ्या शिक्षकांस असणे अगत्याचे आहे.

पन्नास वर्षांतील वाढ

दादरा व नगर हवेली हा सुमारे ४९१ चौरस किलोमीटरचा लहानसा प्रदेश. १९५४ साली तो पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाला, १९६१ साली केंद्रशासित प्रदेश बनला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह एकाच केंद्रशासित प्रदेशात समाविष्ट झाला. १९६१ साली येथील लोकसंख्या ५७,९६३ होती. ती १९७१ मध्ये ७४,१७०, १९८१ मध्ये १,०३,६७६, १९९१ मध्ये १,३८,४७७, २००१ मध्ये २,२०,४९० आणि २०११ मध्ये ३,४३,७०९ झाली. म्हणजे पन्नास वर्षांत ती जवळजवळ सहापट झाली. २००१ ते २०११ या दशकातील सुमारे ५६ टक्के वाढ ही देशातील सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश यांमध्ये सर्वाधिक होती.

या वाढीचे प्रमुख कारण म्हणजे उद्योगधंदे. करसवलती आणि मुंबई-अहमदाबाद मार्गावरील वापीचे सान्निध्य यांमुळे पिपरिया, मसाट, खडोली इत्यादी ठिकाणी कारखाने उभे राहिले व देशाच्या निरनिराळ्या भागांतून कामगार येऊ लागले. त्यांत एकट्या पुरुषांचा भरणा मोठा असल्याने २०११ साली दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या केवळ ७७४ इतकी आढळली. वारली, धोडिया, कोकणा आदी अनुसूचित जमातींची संख्या २००१ मध्ये १,३७,२२५ होती, ती २०११ मध्ये १,७८,५६४ झाली. परंतु एकूण लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण मात्र ६२ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर आले. संख्या वाढूनही प्रमाण घटले, याचा अर्थ बाहेरून आलेल्यांची भर अधिक वेगाने पडली.

नागरी भाग कशास म्हणावे?

जनगणनेच्या दृष्टीने नागरी ठिकाणे मुख्यतः दोन प्रकारची असतात. जेथे कायद्याने नगरपरिषद, महानगरपालिका अथवा तत्सम संस्था स्थापन झालेली आहे ते वैधानिक नगर. अशी संस्था नसली, तरी ज्या गावात तीन कसोट्या पूर्ण होतात ते जनगणना नगर होय. या कसोट्या अशा : लोकसंख्या किमान ५,००० असावी, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीव्यतिरिक्त अन्य व्यवसायांत असावेत, आणि लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० असावी.

२०११ साली दादरा व नगर हवेलीची सरासरी घनताच ७०० होती. यास्तव या प्रदेशात घनतेची कसोटी अनेक गावांना अवघड नाही. गावाचे स्वरूप ठरते ते प्रामुख्याने व्यवसायावरून. गावातील बहुसंख्य पुरुष भातशेती करतात की कारखान्यात, दुकानात अथवा वाहतुकीत काम करतात, यावर गावाचा दर्जा अवलंबून राहतो.

एक किंवा अधिक नगरे आणि त्यांना लागून असलेली वाढीव वस्ती यांचा सलग पसारा झाला असेल, तर त्यास नागरी समूह म्हणतात. त्यांतील निदान एक नगर वैधानिक असावे लागते आणि २०११ च्या जनगणनेसाठी समूहाची एकूण लोकसंख्या २००१ च्या गणनेनुसार किमान २०,००० असणे आवश्यक होते. येथे ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रोज कामासाठी शहरात जाणे-येणे असले म्हणून गाव नागरी समूहात येत नाही. मुंबईचे उदाहरण पाहावे. २०११ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत १,२४,४२,३७३ लोक होते. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई इत्यादींसह मुंबई नागरी समूहाची लोकसंख्या १,८३,९४,९१२ होती. परंतु हजारो प्रवासी रोज मुंबईस येत असूनही वसई-विरार हे त्या समूहात न धरता स्वतंत्र गणले गेले. मुंबई महानगर प्रदेशात मात्र वसईचा समावेश आहे. कारण तो प्रदेश नियोजनासाठी आखलेला आहे, जनगणनेसाठी नव्हे. पालिकेची हद्द, नागरी समूह आणि नियोजन प्रदेश या तीन निरनिराळ्या सीमा आहेत.

राज्याची सीमा हीदेखील मर्यादा ठरते. दिल्लीस लागून असलेली नॉयडा व गुरुग्राम ही शहरे २०११ च्या दिल्ली नागरी समूहात धरलेली नाहीत. सिल्वासाच्या पश्चिमेस गुजरात राज्यातील वापी आहे. दोन्हींकडील उद्योग व वाहतूक परस्परांशी कितीही गुंतलेली असली, तरी लोकसंख्या स्वतंत्रपणेच मोजली जाते.

सीमा बदलली की आकडा बदलतो

१९८१ साली संपूर्ण प्रदेशात सिल्वासा हे एकच नगर होते व त्याची लोकसंख्या ६,९१४ होती. १९९१ मध्ये ती ११,७२५ झाली. शेजारचे आमली तोवर गावच होते. २००१ मध्ये आमली जनगणना नगर ठरले आणि त्याची लोकसंख्या २८,५६३, म्हणजे सिल्वासाच्या २१,८९३ पेक्षाही अधिक भरली. पुढील दशकात सिल्वासा नगरपरिषद अस्तित्वात येऊन आमली तिच्या हद्दीत आले आणि २०११ मध्ये सिल्वासाची लोकसंख्या ९८,२६५ नोंदली गेली.

केवळ ‘सिल्वासा’ या नावापुढील आकडे पाहिले, तर शहर दहा वर्षांत जवळजवळ साडेचारपट झाले असे वाटेल. परंतु हा निष्कर्ष बरोबर नाही. २००१ चे सिल्वासा व आमली मिळून ५०,४५६ लोक होते. त्याच क्षेत्राशी तुलना केली असता वाढ दुपटीहून किंचित कमी भरते. उरलेला फरक सीमा विस्तारल्यामुळे दिसतो. पाणी, शाळा व दवाखाने यांचे नियोजन करताना अथवा विद्यार्थ्यांना आकडे समजावून देताना, दोन्ही वर्षांचे क्षेत्र एकच आहे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.

२०११ मध्ये दादरा, नरोली, सामरवरणी, मसाट व रखोली ही पाच गावेही जनगणना नगरे ठरली. प्रदेशाची नागरी लोकसंख्या १,६०,५९५, म्हणजे सुमारे ४७ टक्के झाली. २००१ मध्ये हे प्रमाण २३ टक्के होते. म्हणजेच पाच नगरांतील सुमारे ६२ हजार लोक नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर नागरी जीवन जगत होते.

ग्रामस्थांचा संबंध

जनगणना नगर ठरल्याने गावात नगरपरिषद आपोआप येत नाही. पुस्तकात नगर आणि कारभारात ग्रामपंचायत, अशी ही अवस्था असते. दाट वस्ती, भाडेकरूंच्या चाळी, सांडपाणी व कचरा हे प्रश्न शहराचे. साधने मात्र ग्रामपंचायतीची. उलटपक्षी गाव नगरपरिषदेच्या हद्दीत गेले, तर पाणीपुरवठा व मलनिःसारण यांच्या नागरी योजना मिळू शकतात, परंतु घरपट्टीची आकारणी व बांधकामाचे नियम बदलतात आणि केवळ ग्रामीण भागासाठी असलेल्या योजनांचा लाभ थांबतो. शेतीवर पोट असलेल्या कुटुंबास हा बदल विशेष जाणवतो. म्हणून हद्दवाढीचा विचार करताना दोन्ही बाजूंचा हिशोब मांडला गेला पाहिजे.

२०२१ ची जनगणना होऊ शकली नाही. पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ हा अधिसूचित झालेला असून, त्यासाठी प्रशासकीय सीमांतील बदल ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच करावयाचे होते. मोजणी चालू असताना सीमा बदलत राहिल्यास काही वस्ती दोनदा मोजली जाईल व काही सुटून जाईल, म्हणून त्या गोठविल्या जातात. जनगणना नगरांची यादीही मोजणीपूर्वीच, मागील गणनेच्या आकड्यांवरून तयार करण्याची पद्धत आहे.

सीमा कागदावर आखली जाते. पण तिला अर्थ येतो तो घरोघरी दिलेल्या माहितीने. चाळीत राहणारा परप्रांतीय कामगार गावचा नाही म्हणून त्याची नोंद टाळणे, अथवा कारखान्यात काम करणाऱ्याने सातबारा आहे म्हणून शेती हाच आपला मुख्य व्यवसाय सांगणे, यामुळे गावाचे चित्र विपरीत उमटते. गावात जितकी माणसे प्रत्यक्ष राहतात, तितक्यांनाच पाणी लागते आणि तितक्यांच्याच मुलांना शाळा लागते. प्रगणकास प्रत्येक कुटुंबाने खरी व पूर्ण माहिती दिली, तरच खेरडीसारखी गावे गाव म्हणून राहोत वा पुढे नगर बनोत, त्यांच्या वाट्यास येणारी साधने त्यांच्या गरजेप्रमाणे ठरतील.