घरच्या पाण्याचा हिशेब व शाळेतील गणित

घरात रोज पाणी किती लागते, असे शाळेत विचारल्यास बहुतेक मुले ‘पुष्कळ’ असे उत्तर देतात. या ‘पुष्कळ’चे माप काढणे हाच संख्याशास्त्राचा पहिला धडा होय, आणि त्यासाठी घरचा हंडा पुरेसा आहे.

प्रथम प्रत्येक मुलाने आपल्या घरचा हंडा, कळशी व बादली लिटरच्या मापाने मोजून घ्यावी. सर्व हंडे सारखे नसतात, हे येथेच ध्यानात येते. नंतर सलग सात दिवस पिणे, स्वयंपाक, स्नान, भांडी व धुणे यांस लागलेले पाणी वहीत नोंदवावे. एकाच दिवसावर विसंबू नये. पाहुणे आले की आकडा बदलतो. हंडा १५ लिटरचा, रोजचे हंडे १२ व घरात माणसे ४ असल्यास दरमाणशी ४५ लिटर पाणी पडते.

समजा, नऊ घरांचे दरमाणशी आकडे २८, ३५, ४०, ४२, ४५, ४८, ५०, ५२ व १५५ असे आले. त्यांची सरासरी ५५ लिटर येते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी ठरविलेले प्रमाणही दरमाणशी दररोज ५५ लिटर हेच आहे. तेव्हा सर्व ठीक आहे असे वाटेल. परंतु नऊपैकी आठ घरांस त्याहून कमी पाणी मिळत आहे! आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला, तर तो ४५ येतो. यास मध्यक म्हणतात. गावाची खरी स्थिती येथे सरासरीपेक्षा मध्यक अधिक स्पष्ट करतो.

१५५ हा आकडा चुकीचा समजून खोडू नये. त्या घरी जाऊन चौकशी करावी. कदाचित गुरांचे पाणी त्यातच धरले असेल. तसे असल्यास ते वेगळे मांडावे. तसेच २८ लिटरच्या घरी पाणी किती लांबून व कोण आणते, हेही विचारावे. फळ्यावर मात्र घरमालकांची नावे लिहू नयेत. नाव उघड होण्याच्या भीतीने आकडे खोटे सांगितले जातात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पावसाच्या मोजमापावरून दरवर्षी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. ग्रामसेवकांनी मुलांचा तक्ता ग्रामसभेपुढे ठेवल्यास, उन्हाळ्यापूर्वी कोणत्या वस्तीकडे प्रथम लक्ष द्यावे, हे ठरविणे सुलभ होईल.