सायटिकाची नस कुठून जाते?

दिवसभर मशीनवर उभं राहणाऱ्या आमच्या तळवड्यात सायटिका म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कळ जिच्यातून उतरते ती सायटिक नर्व्ह शरीरातली सर्वांत जाड. कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस स्नायूखालून ती मांडीत येते. थ्रीडी ॲपमध्ये स्नायू बोटानं बाजूला सारला की पिवळीधमक दिसते, दर वेळी तिथंच. प्रत्यक्षात शंभरातल्या दहा-पंधरा जणांत ती वरच दुभंगते आणि बहुधा एक फाटा स्नायूला भेदून बाहेर पडतो. आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये एका देहात तसं निघालं, तर मुलं म्हणाली, "मॅडम, व्हिडिओत असं नव्हतं." मी म्हटलं, दुसरी बाजू उघडा. तिथं सगळं पुस्तकाबरहुकूम!

मी ॲनाटॉमीची ट्यूटर, एमबीबीएसच्या २०१९च्या बॅचची. नवा अभ्यासक्रम आमच्यापासूनच सुरू झाला. तेव्हा ॲनाटॉमीला ६७५ तास होते, त्यात व्याख्यानं २२०. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा डोकं आणि मान राहिली होती. ती घरी शिकले, बाबांच्या फोनवर. शेजारच्या शेडमधले प्रेस बंद, म्हणून सरांचा आवाज तरी नीट यायचा. चेहऱ्याच्या नर्व्हच्या पाच शाखा मला आजही तोंडपाठ आहेत, पण तेव्हा हाताला त्या कधी लागल्या नाहीत.

तरी ऑनलाइन बंद करा, असं मी म्हणणार नाही. मुलं आदल्या रात्री छोटा व्हिडिओ बघून प्रश्न सोडवतात. कुणाचं काय चुकलं ते मला सकाळी दिसतं, मग फळ्यापाशी वेळ न घालवता थेट हातमोजे. गर्भाची वाढ तर पडद्यावरच कळते. हृदयाची सरळ नळी वळून तिचे चार कप्पे कसे होतात, हे टेबलावरच्या देहात दिसणार कसं?

"डिजिटल टेबल आल्यावर देह कशाला?" असंही विचारतात. १९४९च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्यानं कॉलेजांना देह मिळण्याची वाट आखून दिली. पहिल्या दिवशी मुलं त्या देहापुढे शपथ घेतात, टॅबपुढे कुणी घेत नाही. मग फॉर्मलिननं डोळे चुरचुरत असताना तासन् तास चरबी वेचत बसतात.

आता गुडघ्यामागचा खळगा आहे. व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय. त्यात धमनी लाल, शीर निळी. टेबलावर सगळं एकाच मळकट रंगाचं. तिथं चिमटीत धरून बघायचं: धमनीची भिंत जाड लागते, शीर चपटी होते, नर्व्ह दोरीसारखी भरीव.