लस फुकट, पण टोचणारे हात?

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचं औरंगाबाद) कडेच्या हर्सूलसारख्या वस्तीत लसीकरण केंद्राचा खर्च कुपीच्या किमतीवरून कळत नाही. मार्च २०२१ मध्ये खासगी रुग्णालयांतल्या कोविड लसीचा दर कमाल २५० रुपये ठरला: १५० लसीचे, १०० सेवेचे. म्हणजे ४० टक्के वाटा टोचण्याचा. सरकारी केंद्रात तो पगारांत दडतो. तेव्हा पथकात ५ जण आणि सत्राला साधारण १०० लाभार्थी अपेक्षित होते. २० च आले, तर मनुष्यबळाचा दरडोई खर्च पाचपट.

मग छोटी केंद्रं बंदच का करू नयेत? कारण वाचलेला पैसा रिक्षाभाडं आणि बुडालेली मजुरी होऊन नागरिकाच्या खिशातून जातो, आणि माणसं येईनाशी होतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लसीकरण मागे पडलं, तेव्हा प्रशासनाला रेशन आणि पेट्रोलसाठी लसीची अट घालावी लागली. त्यापेक्षा ठरलेला वार आणि आशाताईंची आधीच तयार यादी बरी. मुलांच्या नेहमीच्या लसीकरणातही तेच: गोवर-रुबेलाची कुपी उघडल्यावर ४ तासांतच वापरावी लागते. मुलं एकाच दिवशी आली, की नासाडी घटते. तरीही एकच मूल आलं, तर कुपी उघडायलाच हवी. कुपीतल्या उरलेल्या मात्रा वाया जाणं गोवराच्या साथीपेक्षा केव्हाही स्वस्त.